होकार कुणाचा होता?

काही प्रकरणांचे कागद बंद होतात, पण ती डोक्यातून जात नाहीत. माझ्या नोकरीतलं असं एकच आहे. खून, दरोडे, महामार्गावरच्या लुटी पुष्कळ पाहिल्या, आणि आता त्या एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. ह्या प्रकरणात रक्त नव्हतं, हत्यार नव्हतं, आरोपी म्हणून बोट दाखवावं असा माणूसही शेवटपर्यंत धड सापडला नाही. तरी ते आठवलं की मन खट्टू होतं.

आत्ता लिहायला बसलो ते माझ्या भाचीमुळे. ती वकील आहे, दहा वर्षं वकिली पूर्ण झाली, आता नोटरी होण्यासाठी अर्ज करायचा म्हणते. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, मामा, तारखांमागं धावणं संपेल, एका जागी बसून काम, सरकारी शिक्का हातात, आणि लोक मान देतात. कारणं काही वाईट नाहीत. परीक्षेला बसावं तसे नियमही तिनं पाठ केलेत. मी तिला एवढंच म्हटलं की, मी असा एक नोटरी पाहिला आहे ज्याला तुझ्यापेक्षा चांगले नियम पाठ होते आणि ज्याचं कारण तुझ्यापेक्षा मोठं होतं. मग तिला जे सांगितलं ते इथे लिहितो. नावं कुणाचीच देणार नाही. माणसं हयात आहेत आणि त्यांना आपापल्या गावात राहायचं आहे.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यात ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रीच्या गस्तीचा अहवाल वाचत होतो, तेवढ्यात एस.टी. स्टँडजवळच्या एका चहावाल्याचा फोन आला. हा आमचा जुना खबऱ्या. म्हणाला, एक बाई कडेवर पोरगी घेऊन बसली आहे, पोरगी सारखी ‘आईकडं जायचं’ म्हणून रडते आहे, बाई काही तिची वाटत नाही, आणि लोक जमायला लागलेत. त्या दिवसांत मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा उठल्या होत्या. अशा वेळी गर्दी आधी मारते आणि मग विचारते. मी महिला शिपाई आणि बीट हवालदाराला लगेच जीपनं पाठवलं.

दोघींना आणलं. बाई पंचविशीच्या आतबाहेरची, अंगानं वाळलेली, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. पोरगी अंगणवाडीच्या वयाची, रडून रडून उचकी लागलेली. बाई म्हणाली, ही माझी मुलगी आहे. आमच्या हवालदाराचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. चहावाल्यानं सांगितलं होतं की ती बसून होती तेवढ्यात बारामतीच्या दोन गाड्या लागल्या आणि सुटल्या. मूल पळवणारी बाई गाडी सोडत नाही. ही बाई मात्र पोरगी शांत व्हायची वाट पाहत बसली होती.

तासाभरात पोरीचे वडील आले. इंदापूरच्या पुढच्या एका गावचे, डाळिंबाची बाग असलेलं खाऊनपिऊन सुखी घर. एक बाई पोरीला अंगणवाडीतून घेऊन गेल्याचं ताईनं त्यांना कळवलं होतं. त्यांच्या मागून एक तरुण बाई धावतच आत आली, हातात पोरीचं टोपडं. पोरगी तिला पाहताच महिला शिपायाच्या हातातून सुटली, ‘आई’ म्हणत तिच्या पायांना मिठी मारली आणि गप्प झाली. सगळं ठाणं एकदम मोकळं झालं. एवढासा जीव खोटं कशाला बोलेल? हवालदारानं माझ्याकडे ‘बघा, मी म्हणत नव्हतो’ अशा नजरेनं पाहिलं.

कोपऱ्यातली बाई भिंतीला टेकून खाली बसली. ती रडली नाही.

वडिलांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. स्टँप पेपरवर नोटरी केलेलं फारकतीचं पत्र. उभयतांचा संसार परस्पर संमतीनं मोडला आहे, मुलगी वडिलांकडे राहील, आई तिच्यावर कधीही हक्क सांगणार नाही. खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून बाईच्या वडिलांची सही, आणि बारामतीच्या एका नोटरीचा गोल शिक्का. शिक्का पाहिला की आपल्याकडे माणूस जरा सावरून बसतो. आमचा ठाणे अंमलदारही बसला. कोपऱ्यातली बाई म्हणजे पहिली बायको, टोपडं घेऊन आलेली दुसरी, हे तिथे उलगडलं.

मी कागद बाईपुढे धरला. खोटं बोलणारा माणूस अशा वेळी सर्वांत आधी म्हणतो, सही माझी नाही. ही म्हणाली, “सही माझीच हाय साहेब. पण ह्यो कागद नांदायला जायचा हाय.”

तिचा जबाब महिला शिपायानं नोंदवला. माहेर वडगाव निंबाळकरचं, ऊस आणि गोठा असलेलं घर. लग्नानंतर मुलगी झाली, मुलगी दोन वर्षांची नसेल तोच हिला कावीळ झाली. लेकराला लागण नको म्हणून सासूनं नातीला ठेवून घेतलं आणि सुनेला माहेरी धाडलं. दुखणं लांबलं. मग सासरी कुणीतरी डोक्यात घातलं की ही कायमची दुखणाईत झाली. न्यायला कुणी येईना. अखेर एके दिवशी वडील म्हणाले, समेट झाला, बारामतीला जाऊन कागदावर सही करू, उसाचा हंगाम सरला की ते न्यायला येतील. तिनं सही केली. घरी येऊन कपड्यांची पिशवी भरली. हंगाम सरला, उन्हाळा गेला, कुणी आलं नाही. दूध संकलन केंद्रावर एका बाईनं सहज विचारलं, तुझ्या नवऱ्यानं दुसरी केली म्हणं? त्या दिवशी ती इंदापूरची गाडी पकडून आली होती.

दहावी शिकलेली बाई. मी विचारलं, वाचलं का नाहीस? ती माझ्याकडे अशी पाहू लागली की प्रश्न विचारणाराच वेडा. “बाप शेजारी बसल्यावर कोण वाचतंय?” म्हणाली.

आई स्वतःचंच मूल घेऊन निघाली तर अपहरण होत नाही, म्हणून तिच्यावर गुन्हा घेतला नाही. पोरगी कुणाकडे राहणार हे ठरवण्याचा अधिकार ठाण्याला नाही, कोर्टाला आहे. तोवर होती तिथे, म्हणजे वडिलांकडे राहू दिली. कायद्यानं तेच बरोबर होतं. पोरगी दुसरीच्या खांद्यावर झोपून गेली आणि ती माणसं दिसेनाशी होईपर्यंत ही पायरीवर उभी होती. स्टेशन डायरीला नोंद करून मी ठरवलं, नोटरीला भेटायचं.

बारामतीत कोर्टापासून जवळच त्यांचं लहानसं कार्यालय होतं. भिंतीवर फीचा फलक लावलेला, बाहेर बाकावर माणसं. साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. मला वाटलं होतं एखादा शिक्के मारणारा कारखाना असेल. तसं काही नव्हतं. रजिस्टर चोख होतं, ओळखपत्रांच्या प्रती लावलेल्या, सह्या जागच्या जागी. माझ्यासमोरच एका म्हाताऱ्याला त्यांनी परत पाठवलं, कारण भावाची सही घरून करून आणली होती. “माणूस समोर आल्याशिवाय शिक्का नाही, आबा. तुम्ही उद्या दोघं या.” म्हातारा पुटपुटत गेला. बाकावरचे लोक म्हणत होते, ह्यो नोटरी लई किटकिट करतोय.

मी आधी इकडचं तिकडचं विचारलं. नोटरी का झालात? त्यांनी सांगितलं ते मी विसरलो नाही. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईला माहेरच्या भावांनी तालुक्याला नेलं होतं आणि एका कागदावर अंगठा घेतला होता. परत येताना ती सुपे गाव येईपर्यंत गाडीत भावाला विचारत होती, काय लिहिलं होतं रे? भाऊ म्हणाला, काही नाही, सरकारी असतंय. तिचा माहेरचा हिस्सा गेल्याचं तिला पुढे कळलं. हिश्श्याचं तिला फार वाटलं नाही, पण आपल्याला कुणी वाचून दाखवलं नाही हे ती मरेपर्यंत बोलत होती. “म्हणून वकिली केली, दहा वर्षं झाली तशी नोटरीला अर्ज केला. म्हटलं, निदान आपल्या टेबलावर तरी न वाचलेल्या कागदावर अंगठा उमटू द्यायचा नाही.”

हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारणं मला जड गेलं. पण नोकरी ती नोकरी. मी फारकतीची झेरॉक्स पुढे ठेवली.

त्यांनी ती ओळखली. आधी वकिलासारखं बोलले. नवरा-बायको दोघं येऊन गेले होते, ओळख पटवली होती, सह्या समोर झाल्या होत्या. मी म्हटलं, नोटरीला लग्न मोडता येतं का? ते जरा चपापले. येत नाही, ते काम कोर्टाचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गावोगाव पंचांसमोर काडीमोड होतो, लोक तो कागदावर आणतात, आणि आपण नाही म्हटलं तर दुसरीकडे जाऊन करतात, मग निदान आपल्याकडे नीट तरी होईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. अशी समजूत घालून चुकणारे चांगले लोक मी फार पाहिलेत. चोर परवडला, तो स्वतःची समजूत घालत नाही.

मग मी त्यांना तो दिवस उभा करायला लावला. घटनास्थळी पंचांना विचारतात तसं. कोण कुठे बसलं होतं?

नवरा सकाळीच सही करून गेला होता. दोन्ही घरची माणसं समोरासमोर आली तर बोलाचाली होईल, म्हणून नोटरींनीच वेगवेगळ्या वेळा दिल्या होत्या. दुपारी बाई आणि तिचे वडील आले. बाई इकडे, वडील तिच्या शेजारी.

“कागद वाचून दाखवला?”

ते म्हणाले, वाचायला सुरुवात केली होती. पहिलीच ओळ. तेवढ्यात तिच्या वडिलांनी हात जोडले. म्हणाले, वकीलसाहेब, घरी सगळं वाचून झालंय, पोरगी लई रडलीय, ते शब्द तिला पुन्हा ऐकायला लावू नका. बाई मान खाली घालून बसली होती. “मी कागद मिटला,” नोटरी म्हणाले. “माझी सगळी कलमं पाठ होती हो साहेब. पण त्या घडीला तो नियम मला निर्दयी वाटला.”

“मग होकार कसा घेतलात?”

“विचारलं ना. मान्य आहे का, म्हणून. ‘व्हय’ म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

त्यांनी झेरॉक्सवरच्या साक्षीदाराच्या सहीकडे पाहिलं. आपल्याकडे बापाबरोबर आलेल्या लेकीला परका माणूस थेट विचारत नाही, विचारलं तरी उत्तर बाप देतो. ह्यात कुणाला वावगं वाटत नाही. उलट तिची अब्रू राखली असंच वाटतं. त्यांनीही प्रश्न बापाकडे पाहूनच विचारला होता. मला आता लपवाछपवीची अपेक्षा होती, कारण समोरचा माणूस कायदा जाणणारा होता. एक शब्द बदलला असता तर ते सुटले असते. बाईच म्हणाली, असं ते सांगू शकत होते, आणि ते खोडायला माझ्याकडे काही नव्हतं.

“तिचे वडील म्हणाले,” ते म्हणाले. “जबाब लिहून घ्या. सही करतो.” आणि सही करण्याआधी त्यांनी तो जबाब स्वतः मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

राहता राहिले बाईचे वडील. वडगावला गेलो तर ते गोठ्यात होते. गावातला शब्दाचा माणूस, भांडणं मिटवायला लोक बोलावायचे. चहा आला, खुर्ची आली. तात्या, कागदाचं काय ते खरं सांगा, म्हटल्यावर त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. मला वाटतं कुणीतरी विचारावं अशीच त्यांची इच्छा होती.

“त्ये नांदवत न्हाईत म्हणल्यावर जन्मभर दारात बसवून ठिवू का साहेब? ल्हान वय हाय तिचं. चांगलं घर बघितलं व्हतं. पण पोर संगं असली की कोण करून घेतंय? पोरगी तिकडं सुखात ऱ्हाईल, ही हिकडं सुखात ऱ्हाईल. बापानं वाईट चिंतलं का?”

“मग तिला सरळ का नाही सांगितलं? विचारायचं होतं.”

“इचारलं असतं तर न्हाय म्हणली असती.”

“म्हणून विचारलं नाही?”

“म्हणूनच,” ते म्हणाले आणि डोळ्यांना उपरणं लावलं. त्यांची मुलगी घराच्या दारामागे उभी होती. हे सगळं तिनं ऐकलं. ती बाहेर आली नाही, बापावर ओरडली नाही. तिनं थोड्या वेळानं आमच्या रिकाम्या कपबशा उचलून नेल्या. आरोपीला कबूल करायला लावल्याचा आनंद पोलिसाला असतोच, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी तो नव्हता. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत सोपा कबुलीजबाब होता.

पुढचं काम कोर्टाचं. लग्न कायद्यानं मोडलंच नव्हतं, म्हणजे दुसरं लग्न हा गुन्हा. तक्रार बाईनं करायची होती. मी तिला समजावून सांगितलं. तिनं एकच विचारलं, तक्रार केली तर पोरगी मिळेल का? मी म्हटलं, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मग ती म्हणाली, मला पोरगी पाहिजे, बाकी कुणाला तुरुंगात घालून काय करू? त्या दुसरीचं तरी काय चुकलं होतं? तिच्या माहेरच्यांनीही तोच गोल शिक्का पाहून मुलगी दिली होती.

मुलीच्या ताब्यासाठी अर्ज झाला. तारखा पडत गेल्या. नोटरी साक्षीला उभे राहिले आणि जे मला सांगितलं होतं तेच पिंजऱ्यात सांगितलं. समोरच्या वकिलानं त्यांची पार रेवडी उडवली. इतक्या वर्षांचे नोटरी, साधं वाचून दाखवता आलं नाही? ते म्हणाले, आलं असतं, मी दाखवलं नाही. त्यांची मुदत संपत आली होती, नूतनीकरणाचा अर्ज त्यांनी केलाच नाही. किटकिट करणारा एक चांगला नोटरी बारामतीतून गेला, आणि त्यात माझा हात होता याचं मला आजही वाईट वाटतं. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं, हे माहीत असूनही वाटतं.

हुकूम आईच्या बाजूनं झाला. इतक्या लहान मुलीला आईजवळ राहू द्यावं, कागदाला काही किंमत नाही. अंमलबजावणीला बंदोबस्त मागितला होता, म्हणून मी स्वतः गेलो. वाटलं होतं आरडाओरडा होईल. तसं झालं नाही. दुसरीनं पोरीला न्हाऊ घातलं होतं, वेणी घातली होती, कपड्यांची पिशवी भरून ओसरीवर ठेवली होती, आणि स्वतः आत जाऊन बसली होती. नवरा डाळिंबाच्या बागेकडे तोंड करून उभा होता.

आई अंगणात पोरीसमोर उकिडवी बसली. हुकूम माझ्या खिशात होता. तिनं नुसतं उचलून घेतलं असतं तरी कुणाची हरकत नव्हती. पण ती म्हणाली, “माझ्यासंगं येतीस का?”

पोरगी म्हणाली, “न्हाय.”

मी पुढे झालो. म्हटलं, बाई, पोर आहे, दोन दिवस रडेल, मग रुळेल. कोर्टाचा हुकूम आहे. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “साहेब, तिला इचारलं ना मी. आता न्हाय म्हणल्यावर कशी नेऊ? मी येत जाईन.” मी पंचनाम्यात काय लिहावं हे मला कळेना. शेवटी लिहिलं की अर्जदारानं आज ताबा घेतला नाही. इतकं कोरडं वाक्य मी कधी लिहिलं नसेल.

ह्या प्रकरणानं मला जे शिकवलं ते मी भाचीला सांगितलं. वाईट माणसाला अडवायला नियम असतात हे आपल्याला ठाऊक असतं. पण चांगल्या माणसाला, त्याचं मन भरून आलेलं असतानाही, जागेवर ठेवायला ते असतात, हे मला उशिरा कळलं. बापाची माया खरी होती, नोटरीची दया खरी होती, आणि दोघांच्या मध्ये बसलेल्या बाईचं मूल गेलं. कागद वाचताना समोरचा रडला तर रडू दे, पाणी दे, आणि पुढची ओळ वाच, असं मी तिला म्हटलं. ती अर्ज करणार की नाही, मला माहीत नाही.

निवृत्तीनंतर मागच्या वर्षी इंदापूरच्या बाजारात ती बाई मला भेटली. आता तिथेच खोली घेऊन राहते, फळांच्या पॅकिंगला जाते. वडील अधूनमधून येतात म्हणाली. पोरगी शाळेत जाते आणि सुटीच्या दिवशी हिच्याकडे येते, जेवते, खेळते, संध्याकाळी परत जाते. मला राहवलं नाही. विचारलं, काय म्हणते तुम्हाला?

“मावशी म्हणती,” ती म्हणाली. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, “म्हणू दे साहेब. येती तर.”